आल्या-गेल्याची

रेकॉर्डवरच्या आवाजाने पुढचा शब्द उच्चारायच्या आत सुलेखाकाकूंनी तो उच्चारला. त्या खिडकीपाशी लसूण सोलत बसल्या होत्या. मान खाली, बोटं चालू आणि शब्द ओठांतल्या ओठांत, जुनं गाणं लागलं की माणूस गुणगुणतो तितक्या सहज. मी स्पीकरसमोर जमिनीवर मांडी घालून बसलो होतो. रविवारची सकाळ होती, खाली काँडोच्या पोहण्याच्या तलावात पोरं किंचाळत होती, त्यांचा मुलगा चारुदत्त बाल्कनीचं दार ओढून घेऊन फोनवर बोलत होता, सून प्रणिता आतल्या खोलीत इस्त्री करत होती. म्हणजे ऐकलं ते मी एकट्यानेच. आधी काकू, मग अर्ध्या क्षणाने रेकॉर्ड. पुन्हा काकू, पुन्हा रेकॉर्ड. माझ्या मानेवर काटा आला आणि तो भीतीचा नव्हता हे मला लगेच कळलं. भीतीचा काटा मी ओळखतो, चाळीस वर्षं मी तो हौसेने अंगावर आणत आलो आहे. हा दुसरा होता. चारचौघांत आपली पँट मागून उसवली आहे हे लक्षात आल्यावर येतो तो.

रेकॉर्ड व्हेस्पर हिल नावाच्या इंग्लिश बँडची, १९७२ सालची. हे नाव तुम्हाला ठाऊक असायचं काहीच कारण नाही. ज्यांना ठाऊक आहे अशी माणसं जगात दोन-तीन हजार असतील आणि ती एकमेकांना ओळखतात. त्या काळी इंग्लंडात जादूटोण्याची लाट आली होती. फुलं, प्रेम, शांती वगैरे आंबून गेलं आणि पोरांना एकदम सैतानाची आठवण झाली. कारखान्यांच्या गावांतली पोरं गळ्यात उलटे क्रूस घालून गिटारी बडवायला लागली, टॅरोचे पत्ते दुकानांत चॉकलेटांशेजारी मिळायला लागले, रविवारच्या पेपरांत चेटकिणींच्या मुलाखती फोटोसकट यायला लागल्या. सिनेमावाल्यांचं तर फावलंच. एक पडकं चर्च गाठायचं, धूर सोडायचा, पाच-सहा मुलींना उघडं करून दगडाभोवती नाचवायचं आणि शेवटी पाद्र्याला वेड लावायचं. व्हेस्पर हिलने असल्याच एका सिनेमाला संगीत दिलं. सिनेमा पंधरा दिवसांत उतरला. मागे उरलं ते रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं सात मिनिटांचं गाणं. त्यात गाणं असं नाहीच. एक ऑर्गन, एक ढोल आणि बाईचा की पुरुषाचा ते कळू नये असा जाड, संथ, खोल आवाज, अगम्य भाषेत कोणाला तरी बोलावणारा. तो शेवटी एका शब्दावर येतो आणि ऐन तिथेच विरत जातो. पुढे तो काय म्हणतो ते कोणालाच ऐकू आलेलं नाही.

आम्हा दोन-तीन हजारांत त्या आवाजाचं मोठं शास्त्र आहे. त्यात चार नावं ऐकू येतात. आल्या, गेल्या, पाप्याच आणि मेत्रुंची. ही चार पिशाच्चं. पहिली दोन जुळी आहेत, असं बहुतेकांचं मत. ब्रिस्टलच्या एका निवृत्त पोस्टमनने एका दंडावर आल्या आणि दुसऱ्यावर गेल्या गोंदवून घेतलं आहे. विरून गेलेल्या आवाजाचा पुढचा शब्द जो ऐकेल तो वर्षाच्या आत मरेल, असंही एक मत आहे. या मंडळींत मी मानाचा माणूस. सिंगापूरचे भारतीय पंडित. पंधरा वर्षांपूर्वी मी इंटरनेटवर निबंध लिहिला की मेत्रुंची म्हणजे दुसरं तिसरं काही नसून मैत्रावरुण, यज्ञातला ऋत्विज, आणि हा सगळा विधी म्हणजे एका लुप्त वैदिक शाखेचा उलटवलेला पाठ आहे. दाखले दिले, तळटीपा दिल्या. वडिलांच्या शब्दकोशाची पानं झिजवली. असली चूक करायला पुण्यात संस्कृतच्या मास्तराच्या पोटीच जन्माला यावं लागतं. निबंध गाजला. त्यावर दोन गोऱ्यांनी पुस्तकं लिहिली आणि दोघांनीही माझे आभार मानले. आता लंडनची एक लहानशी कंपनी ती रेकॉर्ड नव्याने काढणार होती, आतल्या पुस्तिकेसाठी त्यांना माझा लेख हवा होता. शुक्रवारी त्यांची मेल आली. शेवटी एक ओळ होती की आवाज कोणाचा याची नोंद कुठेच सापडत नाही, आपल्याला काही धागादोरा लागला तर त्या व्यक्तीचं नाव आम्ही आनंदाने कव्हरवर घालू. लिहिण्याआधी एकदा नीट ऐकावं म्हटलं तर माझ्या टर्नटेबलचा पट्टा तुटलेला. म्हणून हौगांगच्या माझ्या घरून रेकॉर्ड छातीशी धरून, दोन गाड्या बदलून मी बुकित तिमाहला चारुदत्तकडे आलो होतो.

"काकू, आत्ता काय म्हणालात?" मी विचारलं.

"कुठे काय?"

"रेकॉर्डबरोबर म्हणत होता ते."

त्यांनी पाकळी वाटीत टाकली. "दृष्ट काढताना म्हणतात ना, ते. आल्या-गेल्याची, पाप्याची, चांडाळाची, मेट्रनची."

"मेट्रनची?"

"आमची मेट्रन होती रे, लंडनला हॉस्पिटलात. मिसेस पार्किन. खाष्ट बाई. तिने नुसतं बघितलं तरी पोरी आजारी पडायच्या. म्हणून मी तिला मधेच घुसडली." त्या हसल्या. मग स्पीकरकडे हनुवटी केली. "माझाच आवाज आहे हा. पण असा रेड्यासारखा का केलाय मेल्यांनी?"

सुई शेवटच्या चरांवर टिकटिक करत होती. मी ती उचलली आणि पुन्हा मागे ठेवली. एकदा ऐकू आलं की ऐकू येणं थांबवता येत नाही. ऑर्गनच्या खालून, टेपचा वेग निम्मा करून ताणलेली, पण स्वच्छ मराठी चालत आली. आल्या-गेल्याची. पाप्याची. चांडाळाची, जे पाप्याचला चिकटून गेलं होतं. मेट्रनची. घरच्याची, दारच्याची. ज्याची कोणाची लागली असेल, त्याच्या... आणि तिथे आवाज विरला. विरल्यावर काकूंचे ओठ पुढेही हलले. शब्द मला ऐकू आला नाही. बाल्कनीचं दार सरकलं होतं आणि चारुदत्त आत आला होता.

ही रेकॉर्ड कॅसेटच्या रूपाने माझ्या हाती आली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आई मी चार वर्षांचा असताना गेली. घरात मी आणि वडील. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे, घरी शुद्ध बोलायचे आणि चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घासाठी पानावरून उठवायचे. आमच्या घरात दृष्ट काढायला बाई नव्हती, म्हणून मला ते शब्द ठाऊक नव्हते. शेजारपाजारच्या पोरांच्या काढत असतील, पण शेजारी जायची मला मुभा नव्हती. कॉलेजातल्या एका मित्राच्या भावाने दुबईहून कॅसेट आणली होती. मी ती खोलीचं दार लावून ऐकली आणि पहिल्यांदाच मला असं वाटलं की या घरात माझ्या बाजूचं कोणी तरी आहे. ते सैतानी होतं, वडिलांच्या विरुद्ध होतं, म्हणून माझं होतं. रोज संध्याकाळी मी दार लावायचो. तो आवाज माझ्याभोवती फिरायचा, डोक्यावरून पायांपर्यंत, अगदी असंच वाटायचं, आणि मग मला झोप लागायची. एकदा वडील दारावरून जाताना थांबले, कान दिला आणि म्हणाले, "दृष्ट काढतंय का कोणी?" मला वाटलं, टोमणा मारताहेत. त्यानंतर कितीतरी वर्षं मी मित्रांना त्यांची नक्कल करून दाखवायचो. सगळे पोट धरून हसायचे. वडील गेले त्याला आता बारा वर्षं झाली.

चारुदत्तला वाटलं, आई पुन्हा सुरू झाली. तो माझा जुना सहकारी, चांगी बिझनेस पार्कात आम्ही एकाच मजल्यावर बसतो. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले, तेव्हा तो आईला इथे घेऊन आला. आल्यापासून काकू एक गोष्ट सांगायला लागल्या. लग्नाआधी लंडनला नर्सिंग शिकायला गेले होते तेव्हा मी एका सिनेमात काम केलं. नर्सिंगचं सगळ्यांना ठाऊक होतं. सिनेमाचं पन्नास वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं. त्यातच त्या दोनदा गॅस समजून इंडक्शनवर काडी धरताना सापडल्या, एकदा बुकित तिमाहच्या बस स्टॉपवर चुकल्या, आणि चारुदत्त-प्रणिताने दोन अधिक दोन केले. मेमरी क्लिनिकची तारीख ठरली. सिंगापुरात राहायचा त्यांचा लाँग टर्म व्हिजिट पास पुढच्या महिन्यात संपत होता, तो पुन्हा काढायचा की तळेगावला ज्येष्ठांसाठी जी चांगली सोय आहे तिथे खोली घ्यायची यावर घरात बोलणी चालू होती. खोली बघूनही झाली होती. फक्त मन होत नव्हतं. हे सगळं चारुदत्तने मला कॅन्टीनमध्ये सांगितलं होतं. शेवटी म्हणाला होता, "आई पूर्ण शुद्धीवर असताना तिला तिकडे ठेवायचं म्हणजे मला जमणार नाही रे. पण ती नाहीये शुद्धीवर."

"बघ, याला विचार," काकू त्याला म्हणाल्या. "याच्याच रेकॉर्डवर आहे. म्हणाला ना रे सिनेमावाला, तुमच्या भाषेत शाप द्या कोणाला तरी. मैत्रीण होती शीला, तिच्याबरोबर गेले होते मी, सुटीच्या दिवशी. तिच्या घरमालकिणीचा पोरगा आवाजाचं यंत्र धरायचा. त्यांना म्हणे परदेशी दिसणारी बाई हवी होती. मी काय शाप देणार? मला येतात का शाप? आणि त्या पोरी बघितल्या रे मी. डिसेंबर महिना, दगडी चर्च आणि त्यांच्या अंगावर चिंधी नाही. सगळे बाप्ये टकमक बघताहेत. एकीचे तर ओठ निळे पडलेले. शाप कशाला द्यायचा, म्हटलं, यांची दृष्ट काढावी. हातात मीठही नव्हतं. नुसत्याच मुठी फिरवल्या."

"मग हे बाबांना कधी सांगितलं नाहीस?" चारुदत्त म्हणाला. हे त्याने शंभरदा विचारलं असणार.

"नागड्या बायकांच्या सिनेमात होते असं सांगायचं? तुझ्या आजीच्या कानावर गेलं असतं तर?"

प्रणिता दारात येऊन उभी राहिली होती, हातात अर्धवट इस्त्री केलेला शर्ट. तिच्यामागून ओवी आली, त्यांची पंधरा वर्षांची मुलगी. कानातली इअरफोनची बटणं काढून तिने तिच्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये विचारलं, "व्हॉट हॅपन?" आणि रेकॉर्डचं कव्हर उचलून बघितलं. पडकं चर्च, काळ्या झग्यातली पाठमोरी बाई. चारुदत्त माझ्याकडे वळला.

"निशिकांत, तू यातला माणूस. तूच सांग बाबा. आहे का हा आईचा आवाज?"

हा प्रश्न साधा होता आणि उत्तर मला ठाऊक होतं. हे मी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी माझ्या बाजूने काही बोलायला नको. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो राग. ज्या आवाजाला मी माझा अंधार म्हणत होतो, ज्याच्यापायी साधना आठ वर्षं माझ्याबरोबर राहून एक दिवस "तुला बायको नको, ती हडळच हवी आहे" म्हणून निघून गेली, तो आवाज म्हणजे सुटीच्या दिवशी बाहेर पडलेली एक बावीस वर्षांची नर्स होती, जिला परक्या पोरींना वारा लागू नये असं वाटत होतं. कोणी मला मोठं फसवलं असतं तर चाललं असतं. मला कोणी फसवलंच नव्हतं. मुळात मला काही कळत नव्हतं, आणि जे वडिलांना दारावरून जाता जाता कळलं ते मला चाळीस वर्षांत कळलं नाही. ब्रिस्टलच्या पोस्टमनचे दंड माझ्या डोळ्यांपुढे आले. मैत्रावरुण आला. मिसेस पार्किन आली. सगळे माझ्याकडे बघून हसत होते.

"लाव ना परत," प्रणिता म्हणाली.

मी लावली. चारुदत्तने डोळे मिटून ऐकली. "मला तर काहीच कळत नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडी सुटका होती.

"आय कॅन हिअर, वॉट," ओवी म्हणाली. "आल्या-गेल्या. आजी ऑल्वेज डू दॅट बिफोर माय एक्झाम. वेट, आय स्पीड इट अप." तिने फोन स्पीकरसमोर धरला, रेकॉर्ड केलं, बोटाने काहीतरी सरकवलं, आणि फोनमधून चिमण्यांसारखा चिवचिवाट आला. ऑर्गनच्या किंकाळ्यांत मधूनच एक बाई घाईघाईने बोलून गेली. "सी? दॅट्स आजी, लाह."

चारुदत्त मोबाइलकडे बघत होता आणि त्याचा चेहरा हलायला लागला होता. अजून दहा सेकंद मी गप्प बसलो असतो तर तो आईपाशी जाऊन बसला असता.

मी हसलो. "वेग वाढवला की कुठल्याही बाईचा आवाज कुठल्याही आजीसारखा वाटतो, ओवी. ही जुनी गंमत आहे. आमच्या वेळी अमेरिकेत लोक रॉकच्या रेकॉर्डी उलट्या फिरवायचे आणि त्यात त्यांना सैतानाचे निरोप ऐकू यायचे. शपथेवर सांगायचे. कोर्टात जायचे. आपल्याला जे ऐकायचं असतं ते मेंदू ऐकवतो. आता काकूंनी आधी शब्द सांगितले म्हणून तुला ते ऐकू आले. मी रामरक्षा सांगितली असती तर रामरक्षा ऐकू आली असती." यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. मी चारुदत्तकडे वळलो आणि आवाज खाली आणला, डॉक्टर आणतात तसा. "मी पंधरा वर्षं यावर काम केलंय. हा वैदिक पाठ आहे, मोडलेला. बोलणारी बहुधा कोणी नटी असावी. काकूंनी सिनेमा टीव्हीवर पाहिला असेल तिकडे कधी. मनात राहतं असं."

"नाही म्हणजे... नक्की?"

"नक्की."

माझी नोकरी हीच आहे. बँकेतून जाणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव संशयितांच्या एका यादीशी जुळतं का ते बघायचं आणि खाली दोनपैकी एक बटण दाबायचं. 'मॅच' किंवा 'नो मॅच'. दिवसाला दीडशे नावं. 'नो मॅच' दाबायला काहीच लागत नाही. आणि चारुदत्तला 'नाही'च हवं होतं, मी फक्त ते त्याच्या हातात दिलं, असं मी त्या दिवशी घरी जाताना स्वतःला सांगितलं. पण हेही खरं नव्हतं. ती दहा सेकंदं त्याला 'हो' हवं होतं.

काकू माझ्याकडे बघत होत्या. "निशिकांत," त्या म्हणाल्या, "तुला ऐकू आलं ना रे? तू दोनदा लावलीस."

"नाही, काकू."

त्यांनी वाटीतली लसूण बोटाने चाळवली. वाटी भरलेली होती तरी. चेहरा हळूहळू असा झाला की पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी. मग अगदी बारीक आवाजात, कोणालाच नाही असं, त्यांनी विचारलं, "मग त्या दिवशी मी कुठे गेले होते?"

प्रणिताने चारुदत्तकडे पाहिलं. चारुदत्तने मान हलवली. ओवी खोलीत निघून गेली आणि तिने दार आपटलं. मी रेकॉर्ड काढून कव्हरात घातली. कव्हरात घालताना ती नेहमी कडेने धरायची असते, बोटांचे ठसे पडू द्यायचे नसतात, आणि मी ती अगदी व्यवस्थित, कडेने धरली. जेवायला थांब म्हणाले, थांबलो. लसणीची फोडणी दिलेली डाळ होती. चांगली झाली होती.

त्या आठवड्यात मी लेख लिहिला. इतका चांगला लेख मी आधी कधी लिहिला नव्हता. आता मला सगळं ठाऊक होतं, त्यामुळे कुठे कुठे पाय टाकायचा नाही हेही ठाऊक होतं. 'आवाज: अज्ञात' असं लिहिलं आणि पुढे, अज्ञात राहणं हेच त्या आवाजाचं सामर्थ्य आहे, असं एक वाक्य टाकलं. लंडनहून उत्तर आलं की ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते कव्हरच्या पाठीवर छापणार आहेत. कॅन्टीनमध्ये चारुदत्तने सांगितलं, क्लिनिकमध्ये डॉक्टरने विचारलं की हल्लीचं एखादं उदाहरण द्या, तेव्हा मी तुझ्या रेकॉर्डचं सांगितलं. डॉक्टरने ते लिहून घेतलं. आईला विचारलं तर आई म्हणाली, नसेन गेले, मला आता नक्की आठवत नाही. "तुझ्यामुळे सोपं झालं रे," चारुदत्त म्हणाला आणि माझ्या ट्रेमध्ये त्याच्या वाटणीचं केळं ठेवलं. मी ते खाल्लं.

एकाच गोष्टीने मला त्या दिवसांत झोप येऊ दिली नाही, आणि तो पश्चात्ताप असता तर मी हे अधिक तोंड वर करून सांगितलं असतं. तो शब्द. ज्याची कोणाची लागली असेल, त्याच्या... त्याच्या काय? घरोघरी दृष्टीचे शब्द वेगळे असतात. ऑफिसातल्या दोघी-तिघींना मी आडून आडून विचारलं. कोणाकडे डोळ्यांत मीठ पडतं, कोणाकडे तोंडात माती, कोणाकडे नुसतंच जळून जाऊ दे. काकूंच्या घरचा शब्द या जगात काकूंनाच ठाऊक होता आणि त्या तळेगावला चालल्या होत्या. चाळीस वर्षं मी त्या विरणाऱ्या आवाजाच्या मागे कान लावून बसलो होतो, आणि शब्द बुकित तिमाहला लसूण सोलत बसला होता.

निरोपाच्या दिवशी गेलो तो त्याच्यासाठी. दुपारचे दोन वाजले होते, सहाचं विमान गाठायला घाई चालली होती. हॉलमध्ये दोन बॅगा उभ्या. काकूंनी प्रवासाची सुती साडी नेसली होती आणि पायांत नवे बूट, प्रणिताने घेतलेले, त्यांना सवय नसलेले. त्यांनी मला ओळखलं. "ये," म्हणाल्या. ओवीला स्टुलावर बसवून त्या तिची दृष्ट काढत होत्या. मुठीत मीठ, मोहऱ्या, दोन सुक्या मिरच्या. ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. ओवी रडत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"आई, जाळू नका हां इथे," प्रणिता आतून म्हणाली. "स्मोक अलार्म वाजतो."

"नाही जाळत." त्यांनी ओवीवरून उतरवलेली मूठ वाटीत रिकामी केली, दुसरी मूठ भरली आणि मला म्हणाल्या, "बस. तुझीही काढते. तुझं इथे कोण आहे?"

मी बसलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, गुडघे छातीशी. मूठ माझ्या कपाळावरून खाली गेली, पायांपाशी टेकली, वर आली. आणि या वेळी त्या मोठ्याने म्हणाल्या. आल्या-गेल्याची. तोच आवाज होता. पातळ झालेला, म्हातारा, पण शब्दाच्या शेवटी किंचित उचलायची तीच लकब. पाप्याची, चांडाळाची. माझे डोळे मिटले. दार लावलेल्या खोलीत हा आवाज माझ्याभोवती फिरायचा तेव्हा तो काय करत होता ते मला आता कळलं. मेट्रनची, काकू म्हणाल्या. माझी आई असती तर तिने कोणाकोणाची नावं घातली असती? घरच्याची, दारच्याची. ज्याची कोणाची लागली असेल, त्याच्या...

आणि त्या थांबल्या. रेकॉर्ड थांबते तिथेच.

मी वाट पाहिली. त्यांनी माझा उजवा हात धरला, बोटं एकेक करून उघडली, नर्स उघडते तशी, आणि मीठ-मोहऱ्या माझ्या तळव्यावर ओतून बोटं पुन्हा मिटली. "तुझ्याकडे गॅस आहे ना? घरी जाऊन तूच जाळ. ठसका लागला नाही तर समज, मोठी लागलेली होती."

"काकू, पुढचा शब्द?"

"कसला शब्द?"

"त्याच्या... त्याच्या काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या चेहऱ्यावर शोधत राहिलो, राग, थट्टा, काहीतरी. माझ्या नोकरीत मी माणसं कागदावरून ओळखतो, आणि इथे हातभर अंतरावरून मला कळेना, या बाई मला खेळवत आहेत की खरंच विसरल्या आहेत. तो चेहरा शांत होता, वॉर्डात रात्रीतून दहादा उठून येणाऱ्या नर्सचा असतो तसा. चारुदत्तने बॅग उचलली आणि टॅक्सी आली म्हणून हाक मारली.

"ते मला कुठून ठाऊक असणार, बाळ?" काकू म्हणाल्या. "ती बाई मी नव्हतेच. तूच सांगितलंस ना सगळ्यांना?"